डुकरांसाठी निवडलेल्या कॅसेटी

केळ्यांची दोन मोठी पुठ्ठ्याची खोकी भरतील एवढ्या हेवी मेटलच्या कॅसेटी माझ्याकडे आहेत, आणि घरात त्यांना कुत्रं विचारत नाही. सगळा माल ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतला. ज्या वयात वर्गातली पोरं मुलींच्या सायकलींमागे फिरत होती, त्या वयात मी जळगावच्या एका कॅसेटवाल्याच्या डोक्यावर बसून कोऱ्या कॅसेटींत थ्रॅश भरून घेत होतो. थ्रॅश म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मला फार आनंद होईल. कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. चार माणसं वाद्यं घेऊन एकदम पळत सुटतात आणि कुणीच मागे राहायला तयार नसतं, त्याला थ्रॅश म्हणतात. हेवी मेटल तेच, पण जरा दमानं.

बँडांची नावं इथे लिहीत नाही. एकदा मेघाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्या हौसेने वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "ही कापसावर मारायची औषधं वाटतात." तेव्हापासून मी ती मनातल्या मनात घेतो.

मी नवल. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. कॉलेजात केस खांद्यापर्यंत होते आणि गाण्याच्या तालावर डोकं असं गरगरायचं की समाधान म्हणायचा, तू परदेशात असतास तर स्टेजवर असतास. समाधान हा माझा त्या काळापासूनचा मित्र, आता बँकेत कॅशियर. तो पत्र्याच्या डब्यांवर ड्रम वाजवायचा. आता केस गेले, आणि डोकं हलवलं तर मान आठवडाभर धरते. उरल्या त्या कॅसेटी आणि मत. मत भरपूर आहे.

आमचं गाव दोंडाईच्याजवळ. तिथे माझे वडील, सुकदेव आबा, एकटेच राहतात. तीन वर्षांपूर्वी आई गेली. माझ्या तरुणपणी या संगीताबद्दल आबांचं एकच परीक्षण होतं: "बंद कर." ते त्यांनी इतक्या सातत्याने केलं की पुढे पुढे मी टेपला हात लावायच्या आधीच बंद करायचो. आई निदान कॅसेटी पुसून ठेवायची, कव्हरवरच्या कवटीच्या डोळ्यांतली धूळसुद्धा पदराने काढायची. आबांनी कधी हात लावला नाही. लोकांना वडिलांकडून जमीन हवी असते. मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा म्हणावं, हे तुझं बरं आहे रे. पन्नाशी उलटली तरी ही हाव गेली नव्हती.

आणि मग पोळ्याच्या जरा आधी आबांचा फोन आला. आबांचा फोन ही मुळातच नवलाची गोष्ट. आई होती तोवर फोन तिचा असायचा. मागून आबा ओरडायचे, "बरा शे का विचार," आणि आई विचारायची, तोच आमचा संवाद. ती गेल्यावर मी दर आठवड्याला फोन करायचो. तब्येत? बरी शे. पाऊस? व्हयना. ठेवू? ठेव.

त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "नवल, तुन्या त्या बोंबलान्या कॅसेटा शेतस का आजून?"

"शेतस आबा. काबरं?"

"मकामा डुकरे येतस. फटाकडासले भ्यातस नहीत. कुत्रासना आवाज लाया, त्यासले बी समजी ग्यात. म्हनं, तुनं ते लायी देखू."

कुणाही स्वाभिमानी माणसाला राग आला असता. ज्या संगीतासाठी मी कॉलेजचं एक वर्ष वाया घालवलं, ते माझ्या बापाला रानडुकरं हाकलायला हवं होतं. मलाही राग आला. तो पाच मिनिटं टिकला. मग मी माळ्यावरून खोकी काढली आणि डुकरांसाठी पहिली कॅसेट कोणती न्यावी याचा विचार करत रात्री जेवायचा विसरलो. मेघा म्हणाली, "माझ्यासाठी साडी घेताना एवढा वेळ कधी लावला होता?"

रविवारी सकाळच्या गाडीने दोंडाईच्याला उतरलो. वावरात विहिरीजवळ पत्र्याची खोली आहे. तिथे आबांनी आईचा जुना टू-इन-वन टेबलावर ठेवला होता आणि त्याच्या वायरी पत्र्यावरच्या भोंग्याला जोडल्या होत्या. मी कॅलिफोर्नियाच्या पोरांची एक शहाऐंशी सालची कॅसेट नेली होती. सगळ्यात वेगवान. लावून दाखवली. निंबाच्या झाडावरचे सगळे बगळे एकदम उठले. आबा खाटेवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पहिली बाजू संपल्यावर विचारलं, "हाऊ इतला काबरं चिडेल शे? कोन मरनं तेनं?"

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी सुरू झालो. अणुबाँबची भीती, तिकडची कारखान्यांची गावं, बापाशी न पटणारी पोरं, गॅरेजमध्ये तालीम, सगळं सांगितलं. अहिराणीत अणुयुद्ध समजावताना जरा ओढाताण झाली, पण आबा ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी कॅसेट स्वतःच्या हाताने उलटून लावली. मला तर भरून आलं.

निघताना मी म्हणालो, "आबा, मी सगळी गाणी एका पेनड्राइव्हमध्ये भरून देतो. भोंग्याला लावून टाका, महिनाभर बघायला नको."

"नको, पेनड्राइव्ह नको," आबा म्हणाले. "बठ्ठं एकदम ऐकाडी दिधं ते डुकरेसले सवय पडी जाई. कॅसेटच लई ये. एक एक."

कॅसेटचा आवाज पेनड्राइव्हपेक्षा जिवंत असतो, हे मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत आलोय. आबांना ते एका रविवारात कळलं होतं. गाडीत खिडकीशी बसून मी समाधानला फोन केला आणि म्हणालो, "कान लागतो रे. तो रक्तातच असावा लागतो."

पुढच्या रविवारी आबांनी अहवाल दिला. "पहिली चांगली व्हती. डुकरे बांधवरथीनच मांगे फिरी ग्यात." मी जर्मनीची नेली. कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातली पोरं, अतिशय रांगडा माल. त्याच्या पुढच्या रविवारी आबा म्हणाले, "हाई लायी आनि एक डुक्कर वहाळमा पडनं." ब्राझीलची नेली, तर डुकरं नुसती कान हलवून उभी राहिली म्हणे. एका प्रसिद्ध अमेरिकन बँडची एक्क्याण्णवची कॅसेट नेली, जी विकत घेऊन जगाने डोक्यावर घेतली आणि आम्ही कट्टर लोकांनी नाकं मुरडली. आबांचा अहवाल: "हाई मऊ शे. यानामा एक गानं इतलं हळू शे, डुकरे जवळ ईसनी बसनात. त्यासले वाटनं भजन सुरू व्हयनं." नेमकं हेच मी त्या सालापासून सांगत होतो. डुकरांना कळलं, जगाला कळलं नाही.

आता खरं सांगायचं तर मी एकदाही डुक्कर पळताना पाहिलं नव्हतं. ती रात्री यायची आणि मला संध्याकाळच्या गाडीने परतायचं असायचं. पण माझा बाप कशाला खोटं बोलेल? मी फेसबुकवरच्या मेटलवाल्यांच्या एका ग्रुपवर "डुक्कर-परीक्षण" नावाचं सदर सुरू केलं. आबांचे अहवाल जसेच्या तसे, अहिराणीत, खाली माझं रसग्रहण. पुण्यापासून नागपूरपर्यंतचे टकले, पोट सुटलेले मेटलवाले तुटून पडले. कुणी विचारायचं, डुकरांना गिटार सोलो आवडतात का? मी आबांना विचारून उत्तर द्यायचो. आबा जरा विचार करून म्हणायचे, "जास्त नहीत." मी कारखान्यात छाती काढून चालायला लागलो होतो. शिपाई म्हणाला, साहेब, पाठ दुखते का?

रविवारही मोठे व्हायला लागले. कॅसेट वाजायची, आबा काहीतरी विचारायचे आणि मी तासभर बोलायचो. बोलता बोलता गाडी बँडवरून माझ्यावर यायची. नव्या मॅनेजरने मला गोदामातून गेटवर बसवलंय, हे मी मेघालाही सांगितलं नव्हतं. ते आबांना सांगून बसलो. डाव्या कानात हल्ली शिटी वाजते, तेही सांगितलं. आबा म्हणाले, "या बोंबलाघाई व्हयनं व्हई," म्हणजे या बोंबलण्यानेच. एका रविवारी मी त्यांना ज्या माणसापासून हे सगळं सुरू झालं त्याची गोष्ट सांगायला घेतली. इंग्लंडमधलं लोखंडाच्या कारखान्यांचं गाव, तिथे पत्रा कापायच्या मशीनवर काम करणारं पोरगं, आणि कामाच्या शेवटच्या दिवशी त्याच्या दोन बोटांचे शेंडे गेले. गिटार वाजवायचा हो तो, आबा! आबांचं तंबाखू मळणं थांबलं. "मंग?" म्हणाले. पण गाडीची वेळ झाली होती, आणि मी पळालो. शेजारच्या वावरातला निंबा मोटरसायकलवर सोडायला आला. स्टेशनवर म्हणाला, "येत जाय भाऊ. आबाले बरं वाटस."

मी म्हणालो, "वाटणारच. मका वाचला ना."

एक गोष्ट तेवढी मी पाहिली होती आणि सोडून दिली होती. मक्याभोवती बांबू रोवून तारा ओढलेल्या होत्या. मी आबांना विचारलं होतं, "कारली लावताय का?" आबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हां. कारली." मी शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे मला तेवढंच पुरलं.

नवरात्र जवळ आलं तेव्हा ग्रुपवाले व्हिडिओसाठी मागे लागले. डुकरांच्या पायांचे ठसे, भोंगा, आबांची मुलाखत, असं सगळं ठरलं. समाधानला रविवारी बहिणीकडे जायचं होतं, म्हणून आम्ही शनिवारीच निघालो. आबांना कळवलं नाही, नैसर्गिक चित्रण हवं म्हणून. समाधानने तीस वर्षांपूर्वीचा काळा टी-शर्ट घातला होता. तो पोटावर थांबला होता. मीही घातला होता. माझाही थांबला होता.

वावरात पोचलो तर खोली बंद, आबा दिसेनात. समाधानने मोबाइल धरला आणि म्हणाला, "आधी ठशांचं घेऊ." मी मक्याच्या कडेला गेलो, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणालो, "मित्रांनो, या बांधावर थ्रॅश मेटलने इतिहास घडवला." आणि ऐटीत कारल्याच्या तारेवर हात ठेवला.

ज्यांनी झटका मशीनचा झटका खाल्ला नाही त्यांना सांगतो. रानडुकरं अडवायला शेताभोवतीच्या तारेला जोडतात, सौरऊर्जेवर चालतं ते. तारेला कुणी शिवलं की एक टोला बसतो आणि मग तार काही झालंच नाही अशी शांत राहते. जीव जात नाही, अब्रू जाते. मी "आई" म्हणालो, बांधाच्या खाली वहाळात बसलो आणि आयुष्यात कधी जमलं नव्हतं इतक्या वेगाने माझं डोकं हललं. समाधानने सगळं शूट केलं. तो व्हिडिओ अजून त्याच्याकडे आहे आणि तो मला त्यावरून धमकावतो.

शेजारच्या कपाशीतून निंबा पळत आला. "भाऊ, लागनं का? आज कसा उना तू? आज ते शनिवार शे!"

"म्हणजे?"

"रविवारले मशीन बंद ऱ्हास ना. आबा सकायमाच बंद करतस. म्हनतस, नवल येस, तो कोठे बी हात लावस."

मी वहाळातूनच विचारलं, "हे मशीन कधी बसवलं?"

"पोळाले. तव्हयपशी एक डुक्कर उनं नही." निंबाच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय, पण तो सुरू झाला होता. "रातले वावरमा कोनीच नही झोपत. मशीन लायं, मंग काबरं झोपवा? आबा गावमा झोपतस."

म्हणजे माझी पहिलीच कॅसेट डुकरांनी ऐकली असेल तर ऐकली. जर्मनीची, ब्राझीलची, ती मऊ अमेरिकन, एकही नाही. वहाळात पडलेलं डुक्कर नव्हतंच. वहाळात पडलेला आत्तापर्यंत मीच एकटा. माझं सदर, माझं रसग्रहण, डुकरांचं गिटार सोलोबद्दलचं मत! मला इतका राग आला की हाताची झिणझिण विसरलो.

आबा तेवढ्यात गावाकडून आले. डोक्यावर टोपी, हातात डबा. माझ्या चिखलाच्या पँटकडे बघितलं, निंबाच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. खाटेवर बसले. समाधान शहाणा आहे, निंबाला घेऊन कपाशी बघायला गेला. कपाशी त्याला गुलाबापासून वेगळी ओळखता येत नाही.

"आबा, डुकरं येत नव्हती तर मला कॅसेटी कशाला आणायला लावल्या?"

आबांनी डबा खाली ठेवला.  मग म्हणाले, "तुनी माय व्हती तव्हय तू तिना संगे बोले. मी मांगे बशीसन ऐकू. ती गयी, आनि तू मले पावसानं इचारस. 'पाऊस व्हयना का, ठेवू का.' इतलंच." त्यांनी टू-इन-वनकडे बोट केलं. "त्या कॅसेटनं इचारं का तू तास तास बोलस. मंग तुन्या फॅक्टरीनं सांगस, कानन्या शिट्टीनं सांगस. म्हनीसन इचारू."

 आणि अशा वेळीही, माझ्या लाजिरवाण्या स्वभावाला साजेसं, मी विचारलं, "पण एखादी तरी आवडली?"

"एक बी नही," आबा म्हणाले. "डोकं उठस. तू गया का मी दोन दिन कोना संगे बोलत नही."

मी हसायला लागलो आणि हसता हसता रडलोही, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. पस्तीस वर्षं मी एका सर्टिफिकेटची वाट बघत होतो, आणि हा माणूस न आवडणारं संगीत रविवारमागून रविवार कानात ओतून घेत बसला होता, कारण ते वाजलं की मी बोलायचो. मी स्वतःला ऐकणारा समजत होतो. ऐकत होते आबा.

"डुक्कर-परीक्षण" मी बंद केलं. ग्रुपवर कळवलं की डुकरांनी स्थलांतर केलं आहे. पुण्याच्या एकाने श्रद्धांजली वाहिली.

पुढच्या रविवारी मुद्दाम रिकाम्या हाताने गेलो. कॅसेट नाही. तारा बंद होत्या; मी आधी निंबाला फोन करून खात्री करून घेतली. आम्ही खोलीत बसलो. टू-इन-वनवर आबांनी आईचा जुना रुमाल झाकला होता. कॅसेट नसल्यामुळे दोघांचीही पंचाईत झाली. आबा तंबाखू मळत राहिले, मी बाहेरच्या मक्याकडे बघत राहिलो. पावसाचं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

तेवढ्यात आबाच म्हणाले, "मंग? तो बोटे कटेल पोऱ्या. पुढे काय व्हयनं तेनं?"

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"त्याने हार नाही मानली, आबा. साबणाच्या बाटलीचं प्लास्टिक घेतलं, वितळवलं आणि बोटांना टोपणं करून घातली. आणि परत गिटार धरली."

"प्लास्टिकना?" आबांनी तंबाखूचा हात थांबवला. "तुन्या फॅक्टरीमा ऱ्हास तसं?"

"तसंच."

"दुखे नही का तेले?"

"दुखायचं. म्हणून त्याने तारा सैल केल्या. तारा सैल केल्या म्हणून आवाज जड झाला."

आबांनी तंबाखू तोंडात टाकली, खाटेवर पाय वर घेतले आणि भिंतीला टेकले.

"सांग," म्हणाले. "आज गाडी सोडी दे."